नाला, नाली आणि आमच्या गावाचा हवामान आराखडा

ऑक्टोबर २०२३. उन्हाळ कांद्याचं रोप टाकायचं की नाही यावर घरात दोन दिवस वाद चालू होता आणि तेवढ्यात भाऊसाहेबांचा (म्हणजे आमचे ग्रामसेवक) व्हॉट्सॲप आला, "ताई, उद्या नाशिकला ट्रेनिंग आहे, वातावरणीय बदलाचं. सरपंचांना जमत नाही, तुम्ही जाता का, गाडीभाडं मिळेल." मी ग्रामपंचायत सदस्य, एमए झालेली, एक्सेल येतं, त्यामुळे असलं काही आलं की माझ्याच गळ्यात पडतं. गाडीभाडं अजून मिळायचंय, ते जाऊ द्या.

गाव नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातलं, एवढंच सांगते. तालुक्याचं नाव मुद्दाम घालत नाही कारण पुढे काही हापिसांबद्दल बोलणार आहे आणि मला त्याच हापिसात परत जायचंय.

ट्रेनिंगला गेले. हॉलमध्ये एसी फुल, बाहेर ऑक्टोबर हीट. साहेबांनी प्रोजेक्टरवर सगळी उतरंड दाखवली. ३० जून २००८ ला दिल्लीने राष्ट्रीय कृती आराखडा काढला, त्यात आठ मिशन, मग राज्यांना सांगितलं तुम्ही तुमचे करा, महाराष्ट्राने टेरी या संस्थेकडून अभ्यास करून घेतला, मग राज्याचा आराखडा, मग जिल्हा, आणि सगळ्यात खाली बाण येऊन थांबला तो ग्रामपंचायत विकास आराखड्यावर, म्हणजे आपला जीपीडीपी. आठ मिशनमध्ये एक हिमालयाचं आहे. माझ्या शेजारी सुरगाण्याकडचे एक सरपंच बसले होते, ते हळूच म्हणाले, "हिमालयाला एक आख्खं मिशन आहे ताई, सह्याद्रीला काय आहे?" मी हसले पण प्रश्न बरोबर होता.

त्यांनीच पुढे उभं राहून विचारलं की आमच्याकडे पाऊस एवढा की छत्री टिकत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये बाया हंडे घेऊन दरीत उतरतात, पाणी सगळं वाहून जातं, तर आम्ही या फॉर्ममध्ये "अतिवृष्टी" लिहायचं की "टंचाई"? फॉर्मात दोन्हीपैकी एकच निवडता येत होतं. इगतपुरी-त्र्यंबककडे तीन हजार मिलिमीटर पडतो म्हणतात आणि आमच्याकडे, येवला-नांदगावकडे पाचशेला हात लागला तरी लोक पेढे वाटतील. जिल्हा एक, फॉर्म एक. साहेब म्हणाले नोंद घेतो. साहेब तसे बरे होते, कंटाळा न करता उत्तरं देत होते, पण फॉर्म त्यांनी बनवला नव्हता ना.

जेवणानंतर जायकवाडीचा विषय निघाला आणि मग झोप कुणालाच आली नाही. ते दिवसच तसे होते. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असला तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं असा हिशोब मेंढेगिरी समितीने घालून दिलेला, आणि महिनाअखेरीला नगर-नाशिकमधून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघालाच. आता बघा, आम्ही इथे पाणी अडवणार त्याला नाव अनुकूलन (म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं), आणि मराठवाडा खाली पाणी मागणार त्यालाही नाव अनुकूलन. दोन्ही आराखडे एकाच राज्याचे. मी हे विचारलं तर साहेब म्हणाले तो विषय आजच्या अजेंड्यावर नाही.

गावात आल्यावर खरं काम सुरू झालं. फॉर्ममध्ये तीन रकाने होते, धोका, संवेदनशीलता आणि अनुकूलन क्षमता. मी मारुतीच्या पारावर म्हाताऱ्यांना बोलावलं आणि फॉर्म बाजूला ठेवून नुसतं विचारलं की वाईट सालं कुठली. सगळी सालं निघाली, पण आकड्यांनी नाही, काय विकलं त्यावरून. "बैलजोडी गेली ते साल", "पोरीचं लग्न पुढं ढकललं ते साल". बहात्तरचा दुष्काळ सगळ्यांनाच पाठ. मग २०१४ ची गारपीट, २०१८ चा दुष्काळ, २०१९ ला दिवाळीत पडलेला पाऊस ज्यात द्राक्षवाल्यांचं वाटोळं झालं. आणि चालू साल तर डोळ्यासमोर होतं, २०२३ चा ऑगस्ट म्हणजे १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. मका गुडघ्याएवढा होऊन वाळला. ३१ ऑक्टोबरला सरकारने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, आपल्या जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर, येवला. आमचा तालुका नाही. आमचं महसूल मंडळ (तालुक्याच्या आतला काही गावांचा गट) नंतरच्या यादीत आलं.

इथे मला पहिल्यांदा कळलं की पाऊस आपल्या वावरात पडतो पण मोजला जातो तो मंडळात. ऑटोमॅटिक मशीन मंडळाच्या गावाला, आमच्यापासून नऊ किलोमीटरवर. तिथे सर येऊन गेली की आमच्याकडे धूळ असली तरी कागदावर आमच्याकडेही पाऊस झाला. विम्याला तेव्हा पावसाचा सलग २१ दिवसांचा खंड बघायचे, तो खंड पण त्या मशीनचाच. तात्या म्हणाले, "म्हंजी ढगानं मंडळ बघून पडायचं व्हय?"

म्हणून आराखड्यातलं आमचं पहिलं काम ठरलं ते पर्जन्यमापक. साधा, नरसाळं आणि बाटलीवाला, वर्गणी काढून आणला. शाळेच्या मैदानात, भिंतीपासून आणि लिंबाच्या झाडापासून लांब लावला. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, हवामान खात्याची पण वेळ तीच. सहावीतल्या एका पोराला हे काम दिलं, तो बाटली डोळ्यासमोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि ओरडायचा, मास्तर फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहायचे. अडीच मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच "पावसाचा दिवस" हे त्याला इतकं पक्कं झालं की दोन मिलिमीटर पडला की तो म्हणायचा आज पाऊस नाही झाला, आणि आम्ही ओले उभे.

त्यावरून पाण्याचा ताळेबंद केला. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला म्हणजे १० हजार लिटर. आमचं वावर दीड हेक्टर. १० मिलिमीटरची एक सर आली की दीड लाख लिटर, म्हणजे दहा हजाराचे १५ टँकर. हे मी ग्रामसभेत सांगितलं तेव्हा बायका एकदम गप्प झाल्या कारण टँकर काय असतो ते त्यांना माहितीये, मिलिमीटर काय असतो ते कुणालाच नाही.

ग्रामसभेचं सांगते. गणपूर्तीला शंभर माणसं पाहिजेत किंवा मतदारांच्या १५ टक्के, जे कमी असेल ते. पहिल्या वेळी तहकूब. दुसऱ्या वेळी महिला बचत गटाच्या ताईंनी घरोघरी जाऊन माणसं आणली. पोरांना हायमास्ट पाहिजे होता, एका गल्लीला पेव्हर ब्लॉक, एका गटाला सभामंडप. मला वाईट वाटायचं आधी, आता नाही वाटत. पेव्हर ब्लॉक डोळ्यांना दिसतो, जमिनीतलं पाणी दिसत नाही. शेवटी ठरलं ते दोन कामं, बहात्तरच्या पाझर तलावातला गाळ काढणे आणि त्याच्या खालच्या नाल्याचं खोलीकरण.

हा पाझर तलाव आमच्या आजेसासूबाईंनी बांधला असं म्हटलं तरी चालेल. बहात्तर साली त्या तिथे माती वाहायला होत्या, दुपारी सुकडी मिळायची. रोजगार हमीचा कायदा राज्याने १९७७ ला केला आणि केंद्राचा आला २००५ ला, म्हणजे ही गोष्ट दिल्लीहून खाली आलेली नाही, आपल्याकडून वर गेलेली आहे. त्या प्रोजेक्टरच्या स्लाइडवर सगळे बाण खालीच येत होते म्हणून हे सांगितलं.

आता पैसा. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीला यायचा पण त्यातला ६० टक्के बंधित, पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यावरच खर्चायचा. उरलेल्या ४० मध्ये अख्खं गाव. हवामान बदल म्हणून वेगळा एक रुपया नव्हता. सगळं "अभिसरणातून", म्हणजे या योजनेचं शेपूट त्या योजनेला बांधायचं. नाला मनरेगात (केंद्राच्या रोजगार हमीत) घ्या म्हणाले. मनरेगात मशीन चालत नव्हतं, आणि आमच्या नाल्यात हातभर मुरूम गेला की खाली काळा कातळ, त्याला टिकाव लावला तर ठिणग्या उडतात. मग जलसंधारणाकडे पाठवलं. तिथे कळलं की नाल्याचा वरचा तुकडा वनखात्याच्या हद्दीत जातो. गाळाला मात्र गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना होती, तिथे काम तुलनेने सोपं, शेतकरी आपल्या ट्रॅक्टरने गाळ नेतो.

प्रत्येक हापिसातली माणसं आपापल्या जागी बरोबर होती हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मी फार शिव्या घातल्या (मनात). कृषीवाल्यांना आमचा आराखडा माहिती नाही, पाणीवाल्यांना कृषीचा नाही. एकत्र बसायची जागा म्हणजे पंचायत समिती आणि जिल्हा परिषद, आणि तिथे २०२२ च्या मार्चपासून प्रशासक होते. निवडून आलेला माणूसच नव्हता ज्याच्या घरी सकाळी चहाला जाऊन बसावं. शिडीतली मधली पायरीच काढून ठेवलेली, आणि वरून म्हणायचे खालून वर नियोजन करा.

आणि मग नाली. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवला, सगळं ओके. काही दिवसांनी प्रिंट आली त्यात काम होतं "नाली बांधकाम" (नाली म्हणजे गटार). नाला खोलीकरणाचं नाली बांधकाम झालेलं! कुठल्या तरी टेबलावर ड्रॉपडाऊनमधलं खालचं नाव सिलेक्ट झालं असणार, एका मात्रेचा... मात्रेचा पण नाही, काना आणि वेलांटी एवढाच फरक. मी गेले, म्हटलं हे चुकलंय. तिथले भाऊ म्हणाले, "मॅडम, नाली पण पाण्याचीच असते ना." दुरुस्तीसाठी परत ठराव, परत ग्रामसभेची नक्कल, परत सह्या.

मी त्या रांगेत बसलेले असताना, डिसेंबर २०२३ मध्ये, भारताने संयुक्त राष्ट्रांना आपला पहिला अनुकूलन अहवाल दिला. पेपरात वाचलं की २०२१-२२ मध्ये देशाने अनुकूलनाशी संबंधित कामांवर जीडीपीच्या ५.६ टक्के खर्च केला, २०१५-१६ ला ३.७ होता. खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण आमची नाली झाली असती तर ती पण त्यातच मोजली गेली असती का, हे विचारावंसं वाटतं. आणि आमच्याकडची शेततळी? ती तर नक्कीच मोजली असणार. शेततळं कागदावर अनुकूलनाचं एक नंबर काम, पण आमच्या शिवारात अर्धी शेततळी पावसाने भरतच नाहीत, बोअरने भरतात. जमिनीखालचं पाणी मोटर लावून वर काढायचं, प्लॅस्टिकवर उन्हात ठेवायचं आणि निम्मं आभाळाला द्यायचं. ज्याची मोटर मोठी त्याचं अनुकूलन. मी हे आराखड्यात लिहिलं होतं, भाऊसाहेब म्हणाले ताई हे वाक्य काढा, योजनेच्या विरोधात जातं. काढलं.

घरातलं पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी फार शहाणी वाटेन. भूजलाच्या कायद्यात आहे की गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर-बोअर घ्यायची नाही. ताळेबंदाच्या मिटिंगमध्ये मीच हे वाचून दाखवलं. आणि आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी, त्याच महिन्यात बोअरची गाडी बोलावली होती, डाळिंबासाठी. विहिरीपासून सगळे म्हणायचे तीनशे पावलं. नाना मिटिंगमध्ये काही बोलले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर आले, पाणी पण घेतलं नाही, म्हणाले, "सूनबाई, कायदा तू वाचलास ते बरं केलंस, पण आधी घरात वाचायचा होता." गाडी परत पाठवली त्यांनी. त्या उन्हाळ्यात त्यांची डाळिंबाची बाग निम्मी गेली. माझ्याशी चार महिने बोलले नाहीत. फॉर्मात यासाठी रकाना नव्हता आणि असता तरी मी भरला नसता.

प्रशासकीय मान्यता मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आली. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. नवीन काम सुरू करता येत नाही. आमच्याकडे २० मे ला मतदान, निकाल जूनमध्ये, आणि नाल्यात मशीन उतरवायचे दिवस कुठले तर एप्रिल-मे. जूनमध्ये आचारसंहिता उठली तेव्हा नाल्यात पाणी होतं. मग ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता. गाळ मात्र आम्ही पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०२५ मध्ये, काढला, ट्रॅक्टर लोकांचे, डिझेलचा काही भाग योजनेतून. काळा कुळकुळीत गाळ, त्यात एक फुटकं घमेलं निघालं, लोखंडाचं. आजेसासूबाईंना नेऊन दाखवलं, त्यांनी हातात घेतलं, उलटं करून बघितलं, म्हणाल्या, "आमची घमेली याच्यापेक्षा जड होती."

आणि आता जे सांगायचंय ते हे. आमचा सगळा आराखडा टंचाईचा. टँकर, खंड, ताळेबंद, गाळ. आणि २०२५ च्या मे महिन्यात पाऊस पडला. वळवाची एखादी सर नव्हे, दिवसच्या दिवस. मान्सून महाराष्ट्रात मे संपायच्या आत आला. कांदा काढून वावरात पोळी घालून ठेवलेला, कुणाकडे कांदा साठवायची चाळ आहे, कुणाकडे नाही, ताडपत्र्यांचे भाव दुपारपर्यंत दुप्पट. आमचा अर्धा कांदा भिजला, चार दिवसांत वास सुटला, तो वास ज्याला माहितीये त्याला माहितीये. आराखड्यात कांदा चाळीचं एक पण काम नव्हतं. मी स्वतः टाईप केलेला आराखडा, "अवकाळी" हा शब्द एकदाच, तोही पारावरच्या म्हाताऱ्यांच्या सालांमध्ये.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला एकदम आठवलं, पर्जन्यमापक! शाळेला सुट्टी, मास्तर गावाला, आणि ते पोर मामाकडे. चिखलातून शाळेत गेले. बाटली काठोकाठ भरून वाहिलेली, नरसाळ्यात लिंबाचा पाला. किती पडला ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. दीड वर्ष शून्य आणि दोन-दोन मिलिमीटर लिहिले आणि जेव्हा खरा पडला तेव्हा मोजायला कुणी नाही. मी मास्तरांना फोन केला, ते म्हणाले ताई, "भरून वाहिला" असं लिहून ठेवा. लिहिलं. नंतर ऑनलाइन भरायला बसले तर त्या रकान्यात अक्षर चालत नाही, फक्त आकडा. पंचनाम्याला शेवटी मंडळाच्या मशीनचाच आकडा लागला.

पुढच्या ग्रामसभेत विषय निघाला की शाळेला सुट्ट्या असतात तर पर्जन्यमापक कुठे ठेवायचा, वर्षभर घरी कोण असतं. कुणीच बोलेना. मागून नाना म्हणाले, "आमच्या खळ्यात ठेवा. भिंत लांब आहे, झाड तर आता राह्यलंच नाही."

तेव्हापासून बाटली नानांच्या खळ्यात आहे. सकाळी साडेआठला त्यांचा फोन येतो, कसंय बरंय काही नाही, आकडा सांगतात आणि ठेवतात. पाऊस नसला तरी करतात. आज पण आला. शून्य.